न विझणारी शेगडी

कोलब्रुकडेल, श्रॉपशर

ती. बाबांस, शि. सा. नमस्कार.

इकडे ब्रिटनच्या खेड्यांतल्या जुन्या दगडी घरांत आगा नावाची ओतीव लोखंडाची अवजड शेगडी असते आणि ती रात्रंदिवस तापलेली राहते. पारंपरिक आगाला आच कमी-जास्त करायचं बटणच नसतं. वर दोन जाड तवे, एक उकळी आणायला, दुसरा मंद शिजवायला. खाली तसेच दोन ओव्हन. आच तीच राहते, भांडं जागा बदलतं. आईला यात नवल वाटणार नाही. आमटीला उकळी फुटली की ती चुलीवरून वैलावर सरकवायची, तोच हा हिशेब. तव्यांवरची जाड झाकणं उघडली की साठलेली उष्णता भराभर उडून जाते, म्हणून जाणती माणसं बराचसा स्वयंपाक ओव्हनमध्येच उरकतात.

या शेगडीला आज उधळी म्हणतात. जन्म मात्र काटकसरीतून झाला. ती घडवणारा स्वीडनचा गुस्ताफ डालेन. दीपगृहांच्या आणि समुद्रातल्या बोयांच्या दिव्यांसाठी त्याने स्वयंचलित यंत्रणा तयार केल्या आणि त्याबद्दल त्याला 1912 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याची एक झडप उजाडलं की दिवा आपोआप विझवायची, म्हणजे दिवसाचा गॅस वाचायचा. त्याच वर्षी एका स्फोटात त्याचे डोळे गेले. त्यानंतर, 1922 मध्ये, गॅस वाचवण्यासाठी दिवे विझवणाऱ्या या माणसाने कधीच न विझणारी शेगडी केली! यात विसंगती वाटते, पण त्या काळच्या कोळशाच्या शेगड्या तशाही दिवसभर धगधगत ठेवाव्या लागत आणि त्यांची बरीचशी ऊब धुराड्यातून निघून जाई. डालेनने जाळ लहान केला, त्याची उष्णता जाड लोखंडात साठवली आणि भोवती उष्णता अडवणारं आवरण घातलं. तेव्हा आगाने जिची जागा घेतली, त्या शेगडीपेक्षा ती खरोखरच बचत करणारी होती. 1929 मध्ये ती ब्रिटनमध्ये आली आणि पुढे तिचे भाग याच कोलब्रुकडेलमध्ये ओतले जाऊ लागले. 1709 मध्ये अब्राहम डार्बीने कोक वापरून लोखंड वितळवलं ते हेच गाव. इथली ओतशाळा 2017 मध्ये बंद झाली. शेगडी किती खाते हे विचारताना ती कशाच्या जागी उभी आहे हेही विचारलं पाहिजे, असं मला वाटतं.

वेन्सलीडेल, यॉर्कशर

ती. बाबांस, शि. सा. नमस्कार.

तुमचा पहिला आक्षेप खर्चाचा असणार, आणि तो रास्त आहे. गॅसवरची दोन ओव्हनची जुनी आगा आठवड्याला 400 युनिटांच्या आसपास ऊर्जा खाते. साध्या गॅस शेगडीला आणि ओव्हनला तेवढ्या काळात दहा-बारा युनिटं पुरतात. नुसतं रांधण्यासाठी म्हणून याचं समर्थन करता येणार नाही, आणि करूही नये. पण इथल्या जुन्या भिंती सलग दगडाच्या आहेत. आत पोकळी नाही, त्यामुळे ऊब बाहेर झिरपते आणि ओल धरते. अशा घरात आगावर कपडे वाळतात, स्वयंपाकघर कोरडं राहतं, गारठलेलं कोकरूसुद्धा तिच्याजवळ ऊब घेतं. थंडीच्या महिन्यांत तिची बरीचशी उष्णता घरातच मुरते आणि तेवढं दुसरं इंधन कमी जळतं. शेतावरच्या घरात दिवसभर माणसांचा वावर असतो, तिथे ही ऊब कामी येते. केवळ शनिवार-रविवारी उघडणाऱ्या घरात ती पेटती ठेवणं मात्र मला अक्षम्य वाटतं.

यावर कोणी म्हणेल, मग उन्हाळ्याचं काय? उन्हाळ्यात हा बचाव उभाच राहत नाही. जूनमध्ये तापलेलं स्वयंपाकघर कोणालाच नको असतं. त्या दिवसांत ती विझवून छोट्या शेगडीवर रांधणारी घरं आहेतच, आणि तेच बरोबर आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गॅसची नळी न पोचलेल्या खेड्यांत आगा बहुधा तेलावर चालते, म्हणजे धूर आला. ती विजेवर करावी तर इथे विजेचं एक युनिट गॅसच्या युनिटाच्या काही पट महाग. बाहेरची उष्णता खेचून घरात आणणारा हीट पंप मात्र विजेच्या एका युनिटात घराला सुमारे तीन युनिटं उष्णता देतो. निव्वळ ऊब हवी असेल तर ही स्पर्धा आगा हरणारच. तरीही लोकांना आधी शेगडी उपटायला सांगणं मला उलटं वाटतं. भिंती आणि खिडक्यांतून गळणारी ऊब तशीच राहिली तर पंपालाही राबावं लागेल आणि बिल फुगेल. शिवाय जतन केलेल्या जुन्या इमारतींत खिडकी बदलायलासुद्धा परवानगी लागते. ती मिळणं सोपं करणं आणि छताला-भिंतींना आवरण घालायला मदत देणं, हे सरकारने आधी करावं. घर ऊब धरू लागलं की चोवीस तास तापलेली आगा स्वयंपाकघरात सोसवणारच नाही, आणि मग ती विझवायला कोणाला फारसा उपदेश करावा लागणार नाही. 2011 पासून हवी तेव्हा बंद करता येणारी विजेची आगाही मिळते, त्यामुळे तिच्या ओव्हनमधल्या मऊ शिजलेल्या मटणावर पाणी सोडायचीही गरज नाही.

आईला पत्र वाचून दाखवा.

तुमची मुलगी