माहेरचा गुलाब

होळी झाली की आमच्या तासगाव भागात बायकांना बसायला फुरसत नसते. द्राक्षे उतरून झालेली असतात, शेडवर बेदाणा वाळत असतो, घरात कुरडया-पापडांची घाई असते. या गडबडीतही सकाळचे एक काम मी चुकवत नाही. दव वाळले की परडी घेऊन न्हाणीघरामागच्या गुलाबाकडे जाते. चैत्राच्या तोंडावर हे झाड नुसते फुलून आलेले असते.

हा गुलाब अगदी साधा, गावठी. फूल लहान, पाकळ्या सैल, दोन दिवसांत गळून पडणाऱ्या. प्रदर्शनात ठेवला तर कोणी वळूनही बघणार नाही. पण वास असा, की रस्त्याने जाणारा माणूस क्षणभर थांबतो. या झाडाने आमच्या घरात पन्नासहून अधिक वर्षे काढली. त्याची हकिगत सांगण्यासारखी आहे.

माझे माहेर वाईजवळ, कृष्णाकाठी. तिथे पाण्याचा तोटा कधी पाहिला नव्हता. १९७१ साली लग्न होऊन तासगाव तालुक्यात आले. इथली नदी येरळा. तीही सातारा जिल्ह्यातच, खटावकडे उगम पावते आणि आमच्या सांगली जिल्ह्यात येऊन कृष्णेला मिळते. म्हणजे माझ्यासारखीच माहेर सोडून आलेली! पण वर्षातले कितीतरी महिने पात्रात नुसती वाळू. विहिरीवरून एकेक घागर आणायची, म्हणजे पाण्याचे मोल आपोआप कळते.

पहिल्या दिवाळसणाला माहेरी गेले, तेव्हा आईने नुकतीच गुलाबाची छाटणी केली होती. त्यातल्या चार काड्या तिने निवडून दिल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, प्रत्येकीवर चार-पाच डोळे. ओल्या गोणपाटात गुंडाळून वर केळीचे सोपट बांधले. एस.टी.त ते गाठोडे मी सारा प्रवास मांडीवर धरले होते. सासरी आल्यावर न्हाणीघराचे पाणी जिथे वाहून जाते, त्याच्या कडेला त्या लावल्या. तीन वाळल्या, एक जगली.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "गुलाब काय भाकरीसंगं खायाचा हाय व्हय?" मी मान खाली घातली. पण काडी उपटली नाही.

पुढच्याच वर्षी, १९७२ साली, पावसाने दगा दिला. त्या दुष्काळाबद्दल जुन्या माणसांना काही सांगायला नको. पाझर तलावाचे काम, खडी फोडणे, तांबड्या मिलोची भाकरी. १९७३ च्या उन्हाळ्यात माझा मोठा मुलगा चार महिन्यांचा होता. मला अंगावरचे दूध पुरत नव्हते, म्हणून घरच्या शेळीचे दूध त्याला पाजायचे. गुलाब तेव्हा कमरेइतका झाला होता. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी मी त्याला घालत असे. शिवारात हिरवे म्हणून तेवढेच एक झाड उरले होते.

एके दिवशी कामावरून आले तर गुलाबाच्या जागी चार बोटे खुंट. शेळीने काट्यांसकट सगळा फस्त केला होता. दावे तुटलेले नव्हते, सोडलेले होते. मी आत्याबाईंकडे पाहिले. त्या एवढेच म्हणाल्या, "तुज्या पोराला दूध पायजे, का फूल?"

याला उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर त्या रात्री मला पोराच्या दुधापेक्षा माहेरच्या झाडाचेच जास्त रडू आले, आणि त्याची लाज आजही वाटते. महिनाभर मी त्यांच्याशी कामापुरतेच बोलले.

मग पाऊस आला. आषाढात एका सकाळी पाहते तो खुंटाभोवती बाभळीच्या काट्यांचे गोल कुंपण. आत बोटभर लांबीचे दोन तांबूस फुटवे. ते आत्याबाईंना माझ्या आधी दिसले होते. त्या कधी काही बोलल्या नाहीत, मीही विचारले नाही.

हे झाड परत आले यात दैवापेक्षा मुळाचा भाग मोठा, हे मला फार उशिरा कळले. काडीपासून केलेला गुलाब स्वतःच्या मुळावर उभा असतो. तो बुडापर्यंत खाल्ला तरी खालून जे फुटते ते तेच झाड असते. विकत आणलेल्या बहुतेक गुलाबांचे तसे नसते. तिथे रानटी जातीच्या खुंटावर चांगल्या जातीचा डोळा भरलेला असतो.

पुढे चार पैसे हातात आल्यावर मी हौसेने रोपवाटिकेतून 'ग्लॅडिएटर' आणला. मोठे लालभडक फूल, लांब दांडा. पहिले वर्ष घर खूश होते. दुसऱ्या वर्षी बुडातून एक जोमदार फुटवा निघाला. झाड फोफावले म्हणून मी त्याला शेणखत घातले, पाणी वाढवले. फुटवा डोक्यावर गेला आणि ग्लॅडिएटर मात्र वाळत वाळत संपला. फुटव्याला आली ती बारीक फिक्कट फुले. चूक कुठे झाली ते कळेना.

काही वर्षांनी आमच्या बागेत डॉगरिज खुंटावर द्राक्षांचे कलम झाले. आमचे हे रोज फिरून कलमाखालचे फुटवे मोडून टाकायचे. मी विचारले, "चांगले जोमाचे फुटवे का मोडता?" ते म्हणाले, "तो खुंट आहे. त्याला वाढू दिले तर वरची थॉमसन उपाशी मरेल." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. विद्या घरातच होती, विचारायचे सुचले नव्हते!

द्राक्षवाल्या घरातल्या बायकांना गुलाब अवघड नाही, तो यामुळेच. ऑक्टोबरात पाऊस उघडला की बागेची छाटणी निघते, तीच वेळ गुलाबाचीही. वाळलेल्या, रोगट, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढायच्या. राहिलेल्या साधारण गुडघाभर उंचीवर, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरक्या कापायच्या. कापावर बागेतलीच बोर्डो पेस्ट लावायची. हात आखडू नये. मी सुरुवातीला शेंडे तेवढे खुडायची, तर झाड नुसते उंच वाढायचे आणि फुले थोडी यायची. छाटणीनंतर सहा-सात आठवड्यांत पहिला बहर येतो. पुढे सुकलेली फुले दोन-तीन पानांसह काढत राहिले, की फाल्गुन-चैत्रापर्यंत फूल चालू राहते. उन्हाळा लागला की बुडाशी उसाचे पाचट पसरावे, पाणी सकाळी मुळाशी द्यावे. साबणाचे पाणी मात्र रोज घालू नये, त्याने जमीन बिघडते.

चैत्राच्या उन्हात मोठ्या कलमी फुलांच्या कडा करपतात. गावठीला त्याचे काही नाही. तेव्हाच मी गुलकंद घालते. पाकळ्या सुट्ट्या करून निवडायच्या, ओल राहू द्यायची नाही. पाकळ्यांच्या दुप्पट वजनाची खडीसाखर कुटून घ्यायची आणि काचेच्या बरणीत एक थर पाकळ्यांचा, एक साखरेचा असे भरायचे. तोंडाला फडके बांधून महिनाभर उन्हात ठेवायची, रात्री आत घ्यायची, दोन-तीन दिवसांनी कोरड्या चमच्याने हलवायची. एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. औषध फवारलेली फुले यात घालू नयेत. बाजारातल्या लांब दांड्याच्या फुलांचा गुलकंद करू नये. आमचे झाड बागेपासून लांब, घरामागे आहे, म्हणूनच मी हे धाडस करते.

मामंजीही कधी म्हणायचे, शेतकऱ्याला फुलांची हौस परवडत नाही. मी त्यांना डॉ. बी. पी. पाल यांचे नाव सांगायला हवे होते. गव्हावरच्या तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या जाती काढण्यात त्यांनी आयुष्य घातले. १९६५ साली ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. त्याच माणसाने गुलाबाच्या कितीतरी नव्या जाती निर्माण केल्या. 'डॉ. होमी भाभा' हा पांढरा गुलाब त्यांचाच. देशाच्या भाकरीची काळजी वाहणाऱ्याला गुलाबाची हौस परवडली, तर आपल्याला एका झाडाची का परवडू नये?

म्हातारपणी आत्याबाईंना उन्हाळा सोसेना. तोंड यायचे, तिखट लागायचे नाही. दुपारी वाटीत दुधाबरोबर चमचाभर गुलकंद दिला की त्या मिटक्या मारत खायच्या. एकदा मी हसून म्हटले, "आत्याबाई, खाल्लाच की शेवटी गुलाब!" त्यांनी वाटी पुसून घेतली आणि म्हणाल्या, "भाकरीसंगं न्हाई खाल्ला." दोघीही पुष्कळ हसलो. शेळीचे नाव मात्र कोणीच काढले नाही.

आता त्या नाहीत. आज आमच्या गावात निदान दहा-बारा घरांच्या न्हाणीघरामागे याच झाडाच्या काड्या वाढल्या आहेत. लग्न होऊन जाणाऱ्या मुलीही काडी मागून नेतात. तुमच्याही घरी किंवा शेजारी असा गावठी गुलाब असेल, तर येत्या ऑक्टोबरात छाटणीच्या काड्या उकिरड्यावर टाकू नका. चांगल्या चार निवडा, दोन डोळे वर ठेवून लावा, आणि पहिले वर्षभर भोवती काट्यांचे कुंपण करा. शेळीला बोल लावण्यात अर्थ नसतो.