आग्रा रोडवरची ष्टेपनी

कसारा घाट चढून इगतपुरी आणि घोटी मागे टाकली, की मुंबई-आग्रा महामार्गावर वाचण्याजोगं साहित्य एकच उरतं: गॅरेजांच्या पाट्या. पंक्चर, पंचर, रेडिएटर, रेडीयेटर, डायनॅमो, डायनामा. लिहिणाऱ्यांना येत नाही म्हणून असं होतं, हा आपला पहिला समज. जुन्या मोटारींचे शौकीन इंग्रजी कशी बोलतात, हा विषय डोक्यात घेऊन मी या रस्त्याने नाशिकला निघालो आणि नाशिक येईपर्यंत तो समज टिकला नाही. जुन्या गाडीचा नादी माणूस मूळ कार्ब्युरेटर, मूळ दिवे, मूळ रंग यांसाठी जीव टाकतो. मग त्या गाडीबरोबर इथे पन्नास-साठ वर्षं मुरलेला उच्चारही त्याने मूळ भागांतच धरायला हवा. तो सुधारायला जाणं म्हणजे चांगल्या जुन्या गाडीला बाहेरचा नवा पार्ट बसवणं.

उच्चारांचे नमुने ताडून पाहायला आग्रा रोडसारखी सोय नाही, कारण त्यावर निम्म्या भारताचे ड्रायव्हर चहा पितात. ‘स’ला ‘ट’ जोडून आला की प्रत्येक प्रांताची जीभ आपली वाट काढते. मराठीत तो ‘स’ शेजारच्या ‘ट’कडे ओढला जातो आणि ‘ष’ होतो. यष्टी, ष्टँड, ष्टोव्ह यांच्याच पंगतीत ष्टेरिंग आणि ष्टार्टर बसतात. उत्तर प्रदेश-बिहारकडचा माणूस आधी ‘इ’ लावून इस्टेरिंग म्हणतो, पंजाबी माणूस मध्ये ‘अ’ सारून सटेरिंग. यातलं काहीही आळसाने झालेलं नाही. ज्याच्या त्याच्या मातृभाषेने घालून दिलेले हे नियम आहेत, आणि ते मोडणंच अवघड. शिवाय ज्या इंग्रजीशी ताडून आपण हसतो, ती तरी एक कुठे आहे? लंडनकडचा माणूस ‘स्टार्टर’मधले दोन्ही ‘र’ गिळतो. स्कॉटलंडचा माणूस आणि बहुतेक अमेरिकन ते म्हणतात. नाशिकचा मेस्त्रीही दोन्ही ‘र’ खणखणीत वाजवतो. म्हणजे या बाबतीत तो ग्लासगो आणि डेट्रॉइटच्या बाजूचा.

स्टेपनी या शब्दाची कथा तर फारच बोलकी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारींबरोबर जादा चाक येत नसे. वेल्समधल्या लानेली गावात डेव्हिस आडनावाच्या भावांनी 1904च्या सुमारास पंक्चर चाकाला आवळून बसवायची एक टायर लावलेली धाव काढली. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून नाव स्टेपनी. खुद्द ब्रिटनमध्ये आज हा शब्द बहुतेकांना कळणारही नाही; आपल्याकडे तो ट्रकपासून रिक्षापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. डिकीचंही तसंच. जुन्या दोन-बैठकी गाड्यांच्या पाठीमागे उघडणारी जादा बैठक म्हणजे डिकी. बैठक गेली, झाकण राहिलं, नावही राहिलं. तेव्हा मेस्त्रीच्या ‘ष्टेपनी’वर हसून ‘स्पेअर व्हील’ म्हणायला सांगणारा शौकीन जुन्या गाडीच्या काळातलाच एक शब्द भंगारात काढत असतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ज्याची गाडी त्याचा उच्चार, कंपनी म्हणेल तेच बरोबर. या आक्षेपाची तपासणी करायला नाशिकमधल्या सातपूरइतकी योग्य जागा शोधून सापडणार नाही. इथे कारखाना असलेल्या महिंद्राने देश स्वतंत्र झाला त्या सुमारास विलीज कंपनीच्या जीप जोडायला घेतल्या, आणि आपण सगळे ‘विलीज’च म्हणतो. पण ज्या जॉन नॉर्थ विलिस यांच्या नावावरून कंपनीचं नाव पडलं, त्यांच्या आडनावाचा उच्चार ‘विलिस’ असा होता. गंमत अशी की अमेरिकेतही कित्येक जीपवेडे ‘विलीज’च म्हणतात, स्पेलिंगने दोघांनाही सारखंच फसवलं. याच सातपुरात 2007 साली रेनॉल्टची लोगन गाडी आली. फ्रेंच माणूस कंपनीच्या नावातली शेवटची अक्षरं सोडून ‘रनो’ म्हणतो, आपल्याकडे ‘रेनॉल्ट’ रुळलं आणि अमेरिकनही जवळजवळ तसंच म्हणतात. जॅग्वार तर इंग्रजांचीच गाडी, पण शब्द दक्षिण अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या मार्फत आलेला. इंग्रज त्याचं ‘जॅग्युअर’ करतात. आपला ‘जग्वार’ पोर्तुगीज उच्चाराला अधिक जवळचा. आणि फियाट? हिंदीतल्या ‘फिएट’पेक्षा मराठी ‘फियाट’ तुरीनच्या कारखान्यातल्या माणसाला लवकर ओळखू येईल. मालकाचा उच्चार प्रमाण मानायचा, तर आधी मालक कोण ते ठरवा.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: परदेशातून सुटे भाग मागवताना घोटाळा होतो. होतो, आणि एका ठिकाणी मी हार मानतो. मराठी ‘व्हील’ आणि ‘व्हॉल्व्ह’ एकाच ‘व्ह’ने लिहिते, तोंडही दोन्हींना एकच ठेवते, फोनवरच्या इंग्रजाला आपलं ‘व्हील’ वासराचं मटण वाटू शकतं. पण खरेदी पार्ट नंबरवर होते, आणि मोठा गोंधळ उच्चाराचा नसून शब्दांचा असतो. इंग्रजांचं बॉनेट ते अमेरिकनांचं हूड. नाशिकमध्ये सीट कव्हरच्या दुकानांत हूड शिवून मिळतं. ते जीपचं ताडपत्रीचं छप्पर, म्हणजे इंग्रजी अर्थाचं हूड. अमेरिकन जीप, तिच्या छपराचं नाव इंग्रजी तऱ्हेचं आणि शिवणारा मराठी. हा गुंता उच्चार घोटून कसा सुटणार?

खरं तर ज्याला मेस्त्रीचा उच्चार खटकतो, त्याला बहुधा मेस्त्रीच्या शाळेबद्दल बोलायचं असतं, गाडीबद्दल नव्हे. त्याच्या ‘व्हिंटेज’वर लंडनचा माणूसही भुवई उंचावेल, हे त्याच्या लक्षात येत नाही.

शहरातून बाहेर पडताना मायको सर्कल लागतं. मोटर इंडस्ट्रीज कंपनीच्या आद्याक्षरांचा हा मराठी तोंडातला मुक्काम. कंपनीने 2008 साली नाव बदलून बॉश केलं, चौकाने नाही केलं. पुढे पेठच्या रस्त्याने सावळघाट उतरून गेलं की काही वेळाने गुजरातची हद्द येते. मराठीने ‘ॲ’साठी वेगळं चिन्ह जपलं आहे, गुजराती बहुधा ‘ए’वर भागवते, म्हणून पाट्यांवरची लिपी बदलते तशी बॅटरीची ‘बेटरी’ होते, आणि गाडी तिच्यावरही तितकीच बिनतक्रार सुरू होते.