माशांसाठी मोरी

सॅल्मन मासा ओढ्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि वासाचा माग काढत त्याच ओढ्यात परततो. अंडी घालतो नि मरतो. आपल्या खानापूरकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात ना, तसेच. फक्त याला परतीची वाट नाही.

नोव्हेंबरात सिएटलला लेकीकडे होते, तेव्हा असा एक ओढा पाहिला. महामार्गाखाली पूर्वी मोरी होती. न्हाणीघरातली नव्हे हं, रस्त्याखालची! अरुंद नळात पाण्याला एवढा जोर यायचा की मासा दमून मागे फिरे. खालची माती वाहून गेल्याने नळाचे तोंड अधांतरी. कोहो जातीचा सॅल्मन उडी घेऊन पाहतो, चम जातीला तेही नीट जमत नाही. आता तिथे पात्राहून रुंद चौकट आहे, तळाला गोटे नि वाळू. हातभर लांब मासे डोळ्यांदेखत वर सरकले. मी टाळ्याच वाजवल्या.

हे सरकारने आपणहून केलेले नाही. १८५४-५५ च्या करारांत तिथल्या आदिवासी जमातींनी जमिनी दिल्या, पण मासेमारीचा हक्क राखला. मासाच पोचत नसेल तर हक्क कसला, म्हणून २००१ मध्ये २१ जमाती कोर्टात गेल्या. २०१३ मध्ये वॉशिंग्टन राज्याला मोऱ्या बदलण्याचा आदेश झाला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चारास चार अशी बरोबरी झाली, म्हणून तो टिकला. जुन्या कागदातली ओळ काँक्रीटला भारी पडली, याचे मला फार अप्रूप वाटले.

पण आदेश फक्त राज्याच्या मोऱ्यांना आहे. पुढे एखाद्या गावाची किंवा खासगी रस्त्याची जुनी मोरी असली, की मासा तिथे पुन्हा अडतो.