शोधणाऱ्याची परीक्षा नको!

मैत्रिणींनो, सासूबाई स्वयंपाकघरातून हाक मारतात, "अगं, ते हे कुठं ठेवलंस?" आणि आपण मुकाट्याने किसणी काढून देतो. 'ते हे' म्हणजे किसणी हे आपल्याला बरोबर कळते. संगणकाला मात्र ते शिकवावे लागते, बरं का! हा धडा मला गेल्या वर्षी मिळाला.

मी एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. शाळेने ग्रंथालयाची यादी संकेतस्थळावर घालायचे ठरवले. नोंदी मी केल्या, संगणकाची बाजू माझ्या पुतण्याने सांभाळली. वर शोधायची चौकट, बाजूला फिल्टरची लांबलचक रांग. आम्ही दोघे अगदी खूश!

आठवड्याने सातवीतली एक अबोल मुलगी माझ्याकडे आली. तिला 'श्यामची आई' हवे होते. तिने चौकटीत लिहिले, 'शामची आई'. उत्तर आले, 'काहीही सापडले नाही.' मग तिने 'साने गुरुजी' लिहून पाहिले. पुन्हा तेच! कारण मी मोठ्या शिस्तीने 'साने, पांडुरंग सदाशिव' अशी नोंद केली होती. पुस्तकाच्या तीन प्रती कपाटात होत्या आणि पोर म्हणत होती, "बाई, माझं शुद्धलेखन वाईट आहे ना, म्हणून मला नाही मिळालं."

माझ्या काळजात चर्र झाले. तिच्या वहीतल्या लाल खुणा माझ्याच होत्या. पण वाचायला निघालेल्या मुलीला दारातच नापास करायचे?

घरी येऊन पुतण्याला सांगितले. तो म्हणाला, "काकू, संगणक अक्षर न अक्षर जुळवून बघतो."

"मग त्याला जरा समजूतदार कर," मी म्हटले.

आम्ही पुन्हा कामाला बसलो. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी पुस्तक सापडावे, अशी सोय त्याने केली. 'पु. ल.', 'पु.ल.' आणि 'पुल' एकच धरले. रोमन लिपीत लिहिलेलेही चालू लागले. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. आपल्या डोळ्यांना सारखाच दिसतो, पण संगणकाला वेगळा वाटतो. तेही जुळवून घेतले. दोन-तीन अक्षरे लिहिताच खाली नावे सुचू लागली. शोधल्यावर लिहिलेले पुसून जात होते, ते चौकटीत तसेच राहू दिले. आणि काहीच न सापडल्यास कोरडे 'नाही' न म्हणता जवळपासची पुस्तके दाखवायची, असे ठरले.

मग फिल्टर. 'वाङ्मयप्रकार' हा माझा लाडका शब्द! मुलांना तो कुठला कळायला? तिथे 'गोष्टी', 'कविता', 'चरित्रे' असे लिहिले. प्रत्येकापुढे पुस्तकांचा आकडा घातला, म्हणजे रिकाम्या खणात कोणी हात घालणार नाही. निवडलेले फिल्टर वर दिसतात आणि एका टिचकीने काढता येतात. नाहीतर आधीचा फिल्टर तसाच राहतो आणि आपल्याला वाटते, दुकानात मालच नाही. साड्या बघताना तुमचेही असे झाले असेल!

ही फिल्टरची कल्पना आजची वाटते, पण तिचे मूळ ग्रंथालयात आहे. एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे शिक्षक; १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा नियम, वाचकाचा वेळ वाचवा. १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. पुस्तकाला एकाच खणात न कोंबता त्याचे विषय, स्थळ, काळ असे निरनिराळे पैलू धरून ओळखायचे, हा तिचा गाभा. आपण रंग, कापड आणि किंमत असे तिन्ही धरून साडी शोधतो, ते काय वेगळे आहे?

सगळे झाल्यावर मी त्या मुलीलाच समोर बसवले. "मी काही सांगणार नाही, तू शोध," म्हटले आणि गप्प राहिले. गप्प राहणे फार अवघड गेले हो! पण ती कुठे अडखळते, ते त्यामुळेच दिसले. तिने पुन्हा 'शामची आई'च लिहिले. पुस्तक आले आणि वर बारीक अक्षरांत ओळ आली, 'श्यामची आई या नावाने शोधले.' तिने ती ओळ वाचली, मान हलवली आणि कपाटाकडे पळाली.

शुद्धलेखनाचा आग्रह मी सोडलेला नाही. पण तो वर्गात. तुमच्यापैकी कोणी शाळेची, मंडळाची किंवा घरगुती मसाल्यांची यादी संकेतस्थळावर घालणार असेल, तर एवढे करा: आधी शेजारच्या आजींना तिच्यात काहीतरी शोधायला सांगा, आणि आपण गप्प बसा.