जुना सा सोडताना

पियानोच्या फक्त काळ्या पट्ट्यांवर बोटं फिरवली की भूप वाजतो, हे पेटी शिकणाऱ्या मुलांनाही ठाऊक असतं. काळी तीन हा सा मानायचा, एवढीच अट. त्याच पाच पट्ट्या वाजवत दर वेळी काळी पाचवर येऊन थांबलं, की मालकंस उभा राहतो. काळी एकवर थांबलं तर दुर्गा. मूर्च्छनेचा हा खेळ आपल्याकडे फार जुना आहे. एकही पट्टी बदललेली नसते, तरी सगळं बदलतं, कारण सा दुसरीकडे गेलेला असतो. पियानोसाठी लिहिताना एका कीमधून दुसऱ्या कीमध्ये कसं जायचं, असं विद्यार्थी विचारतात तेव्हा कॉर्डचं पुस्तक उघडण्याआधी मी त्यांना हे करायला लावते. सा कुठे आहे हे स्वरांची यादी सांगत नाही. चाल कुठे विसावते, कुठे पुन्हा पुन्हा परतते, यावर कान तो ठरवतो. मॉड्युलेशन म्हणजे कानाला जुनी विसाव्याची जागा सोडायला लावणं, आणि ती त्याने आपणहून सोडली तरच बदल सहज वाटतो.

माझे बरेचसे श्रोते गाण्याच्या मैफलींवर वाढलेले आहेत. मैफलभर तानपुरा एकच सा धरून असतो. असा कान सी मेजरचे पहिले दोन बार ऐकताच मनातल्या मनात तानपुरा जुळवून घेतो आणि मग तो सहजासहजी सोडत नाही. त्यामुळे मला की बदलण्याची तयारी लांबून करावी लागते, आणि ते मला मनापासून आवडतं. घाई केली की हा कान लगेच पकडतो.

सी मेजरमधून जी मेजरमध्ये जाणं हा सगळ्यांचा पहिला धडा. दोन्हींत चार कॉर्ड सामाईक आहेत: सी, जी, ए मायनर आणि ई मायनर. त्यांतल्या एकावर यायचं, तिथून डी सेव्हन्थ, मग जी. कृती बरोबर आहे, पण एवढ्यावर लिहिलेल्या रचनेत सांधा हमखास ऐकू येतो. तो का येतो, हे बाखच्या ‘वेल टेम्पर्ड क्लॅव्हियर’च्या १७२२ च्या पहिल्या भागातला पहिलाच प्रेल्यूड दाखवतो. नव्याने पियानो शिकणारेही तो वाजवतात. मी आजही तो लिहायला बसण्याआधी वाजवते. ३५ बारची रचना, आणि शेवटचे तीन सोडले तर प्रत्येक बारमध्ये एक आकृती दोनदा. चालीचा आधार जवळजवळ नाहीच, त्यामुळे कीचा प्रवास उघडा दिसतो. पाचव्या बारमध्ये ए मायनर येतो, पण खर्जात सी तसाच असतो. सहाव्यात एफ शार्प येतो. जी मेजरची खूण असलेला हा एकमेव परका स्वर बाखने वरच्या आवाजात ठेवलेला नाही. तो आकृतीच्या मधोमध, डी आणि ए यांच्यामध्ये वाजतो. खाली सी अजूनही हललेला नाही. सातव्या बारमध्ये तो अर्ध्या स्वराने उतरून बी वर येतो. त्यानंतरही बाख लगेच नव्या घरी पोचत नाही. दहाव्या बारमध्ये डी सेव्हन्थ आणि अकराव्यात जी. एफ शार्प पहिल्यांदा ऐकल्यापासून कानाला पाच बारचा अवधी मिळतो. आणि बाराव्यात बी फ्लॅट आणि सी शार्प घेऊन तो तिथूनही निघतो.

परका स्वर मधल्या आवाजात आणावा, खर्ज एकेका पायरीने सरकवावा आणि ओळखीचं काहीतरी शेवटपर्यंत धरून ठेवावं, हे मी या एका पानावरून शिकले. यातलं शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं, आणि पियानोवर तेच सगळ्यांत अवघड. व्हायोलिनला किंवा पेटीला स्वर धरून ठेवता येतो. पियानोचा स्वर वाजल्या क्षणापासून विरायला लागतो. जुन्या आणि नव्या कीमधला सामाईक स्वर कागदावर लांब काढला, तरी नवा कॉर्ड येईपर्यंत तो कानातून गेलेला असतो. तो पुन्हा वाजवावा लागतो.

शोपँने नेमकं हेच केलं. ओपस २८ मधल्या प्रेल्यूडपैकी पंधरावा, १८३९ मध्ये प्रकाशित झालेला. त्याला लोक ‘रेनड्रॉप’ म्हणतात; ते नाव शोपँचं नव्हे. रचना डी फ्लॅट मेजरमध्ये, म्हणजे आपली काळी एक. तिचा पंचम, काळी चार, सुरुवातीपासून हलकेच वाजत राहतो. मध्यावर काळोख दाटतो आणि आपण सी शार्प मायनरमध्ये असतो. कागदावर ए फ्लॅटचा जी शार्प होतो. बोटाखालची पट्टी तीच, आघात तसाच. आधी जो स्वर पार्श्वभूमीला होता तो आता सगळ्यांच्या वर येऊन बसतो. खरं पाहता इथे सा सुद्धा हललेला नाही, ग, ध आणि नी कोमल झाले आहेत एवढंच. पण कीचा रंग इतका पालटतो, की मी विद्यार्थ्यांना हीच रचना आधी देते. त्या एका पट्टीवरचं बोट स्थिर ठेवायला शिकलं, की आजूबाजूचं काहीही हलवता येतं.

हाताच्या प्रश्नाबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. सी मेजरमध्ये हात सपाट असतो. डी फ्लॅटमध्ये लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर टेकतात आणि अंगठा पांढऱ्यावर येतो. शोपँ शिकवताना बी मेजरचं स्केल आधी घ्यायचा, कारण त्यात हात आपोआप नैसर्गिक बसतो. कीबरोबर हाताचा आकार बदलतो आणि पुष्कळदा धक्का कॉर्डमध्ये नसून या बदलात असतो. म्हणून सांध्याच्या जागी मी आधी बोटं लिहिते, मग स्वर पक्के करते. पेडलचंही तसंच. जुना खर्ज पेडलमध्ये घुमत राहिला, तर वर कितीही नवं वाजवा, कान खालचंच ऐकतो. सांधा पेडलशिवाय, अगदी संथ वाजवून पाहावा. तो तसा जुळला तरच जुळला.

आणि शूबर्ट. बी फ्लॅट मेजरचा शेवटचा सोनाटा त्याने १८२८ च्या सप्टेंबरात पूर्ण केला. नोव्हेंबरात तो गेला, वय ३१. पहिली चाल प्रार्थनेसारखी शांत चालते आणि आठव्या बारमध्ये अगदी खालच्या सप्तकात जी फ्लॅटवर एक मंद ट्रिल येते. त्या कीचा तो कोमल धैवत. कारण कळत नाही, चाल पुन्हा सुरू होते. थोड्याच वेळात तीच चाल जी फ्लॅट मेजरमध्ये येते, आणि बी फ्लॅट, जो सा होता, तो आता गंधार झालेला असतो. ती ट्रिल कशाची सूचना होती ते तेव्हा उमगतं. दूरच्या कीमध्ये जाण्यासाठी इतकी कमी सामग्री वापरलेली दुसरी जागा मला माहीत नाही. एकच स्वर, तोही ऐकू येईल न येईल असा.

झटपट मार्गही आहेत. डिमिनिश्ड सेव्हन्थ हा कॉर्ड बारा स्वरांत मिळून तीनच प्रकारचा असतो आणि त्यातला प्रत्येक स्वर नव्या कीचा नी होऊ शकतो. त्यामुळे त्यातून कुठेही निघता येतं. म्हणूनच तो जपून वापरावा. शेवटचं कडवं अर्ध्या स्वराने वर उचलण्याची रीत गाण्यांत सर्रास दिसते. ती जोश आणते, प्रवास घडवत नाही. अचानक उडीला माझा विरोध नाही. बीथोव्हनच्या वाल्डस्टाइन सोनाटामध्ये पाचव्या बारलाच सुरुवातीचं वाक्य सी मधून उचलून बी फ्लॅटवर ठेवलं आहे आणि ते विलक्षण आहे. पण तिथे उडी हाच विषय आहे.

रचना करणाऱ्यांना माझी एक विनंती. की बदलून झाली की चार बार पुढे थांबा, हात पट्ट्यांवरून उचला आणि सा गुणगुणून पाहा. जुनाच सा गळ्यात आला तर बदल अजून झालेला नाही. अशा वेळी सांध्याचा कॉर्ड बदलत बसू नका. त्याच्या आधीचे बार पुन्हा लिहा.