पिवळा टॅग

चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. रीडिंग दाखवल्याशिवाय बोलायचं नाही, हा तिथला माझा खाक्या. आकाशात काहीतरी दिसलं म्हणणाऱ्याला मात्र मी एकही आकडा न विचारता निकालात काढायचो. उडती तबकडी म्हणजे रिकामटेकडेपणा, नाहीतर बाटलीची करामत.

2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. रात्री आठच्या सुमारास आमच्या लाइनवरच्या एका पोराचा फोन आला. सणाला तो सिंदेवाहीकडे गावी गेला होता.

"सर, आभाळातून काहीतरी जळत गेलं. तुकडे एकामागोमाग एक, लायनीत. चांगला वेळ दिसत होतं."

"उल्का असेल," मी म्हणालो. "पाडवा जोरात झालेला दिसतोय."

तो हसला नाही. "पडत नव्हतं ते, सर. आडवं चाललं होतं."

मी फोन ठेवला.

त्याच तालुक्यातल्या लाडबोरीत त्या रात्री धातूचं भलंमोठं कडं सापडलं, व्यास दोन-तीन मीटर. मग आसपास धातूचे गोळेही मिळाले. फेब्रुवारी 2021 मध्ये सुटलेल्या चीनच्या चांग झेंग 3बी रॉकेटचा तिसरा टप्पा वातावरणात शिरून जळाला असावा, असं अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं.

रॉकेट मला ओळखू आलं नसतंच. पण उल्का बहुधा दोन-चार सेकंदांत विझते, आणि कक्षेतून उतरणारं भंगार सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवं, तुटत तुटत येतं आणि मिनिटभरही दिसू शकतं, एवढं मी वाचलेलं होतं. पोराने नेमकं तेच सांगितलं होतं. रीडिंग बरोबर होतं. मी ते न बघताच पार्ट रिजेक्ट केला. तो परत आल्यावर चहाच्या सुट्टीत मी माफी मागितली. "जाऊ द्या सर," म्हणून त्याने बिस्किट चहात बुडवलं.

तेव्हापासून मी एक वही ठेवतो. मोशीच्या चौकात पहिल्या पाळीची माणसं अंधारातच कंपनीच्या बसची वाट बघत असतात. आकाशाकडे त्यांचीच नजर जाते. कोणी काही पाहिलं की विचारतो: किती वाजता, कुठल्या दिशेला, किती वेळ, आवाज आला का? 'बसएवढं होतं' हे लिहून घेत नाही. डोळ्याला कोन कळतो, अंतर कळत नाही. आणि अंतर माहीत नसेल तर आकार नि वेग दोन्ही अंदाजच. त्याऐवजी हात लांब करायला सांगतो. करंगळीची रुंदी साधारण एक अंश, मुठीची दहा. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा, करंगळीमागे सहज झाकतो. मग वेळ उपग्रहांच्या वेळापत्रकाशी ताडून बघतो. दिव्यांची माळ बहुतेकदा नुकत्याच सोडलेल्या स्टारलिंक उपग्रहांची निघते. आपल्याकडे अंधार असला तरी तेवढ्या उंचीवर ऊन असतं. पूर्वेला ठाण मांडून बसलेला झगझगीत दिवा बऱ्याचदा शुक्र असतो.

काही नोंदी कशाशीच जुळत नाहीत. पूर्वी मी त्यांवर 'थाप' म्हणून काट मारली असती. शॉपवर निकाल न लागलेल्या पार्टला पिवळा टॅग लागतो: होल्ड. वहीत तशा चार नोंदी आहेत. त्यातली एक माझीच आहे, इंद्रायणीच्या पुलावरून दिसलेला नारिंगी ठिपका. बघण्याच्या नादात घड्याळ पाहायचं राहून गेलं.