शारदेच्या माहेरमुलखात

सोनागिरी, भोपाळ
गुरुवार

तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

पंजाब मेलने रात्री भुसावळ मागे टाकले आणि पहाटे खंडव्याला जाग आली, तेव्हा चहावाल्यांची आरोळी हिंदी झाली होती. पुढे इटारसीनंतर नर्मदेचा पूल आला, तेव्हा तुझ्या वतीने हात जोडून एक नाणे पात्रात सोडले. सोनागिरी ही हेवी इलेक्ट्रिकल्सच्या वसाहतीजवळची वस्ती. १९५६ साली स्थापन झालेल्या त्या कारखान्याच्या भरतीत यजमानांचे वडील वऱ्हाडातून आले व येथलेच रहिवासी झाले. घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर हिंदी, ही वहिवाट आता तिसऱ्या पिढीपर्यंत पोहोचली आहे. त्यांची नववीतील मुलगी शनिवारी शाळेच्या संमेलनात देवलांच्या ‘संगीत शारदा’ नाटकातील काही प्रवेशांत शारदेचे काम करणार आहे, सबब उद्या निघण्याचा बेत रहित केला.

रविवार

ती. आईस सा. न.

काल प्रयोग पाहिला, आणि रात्री झोप लागेना म्हणून पहाटेच लिहावयास बसलो आहे. शाळा हिंदी माध्यमाची, प्रेक्षकांतही मराठी घरे थोडकीच. तेव्हा संवाद हिंदीत करावे, पदे मात्र देवलांचीच मराठीत ठेवावी, अशी तजवीज संगीताच्या बाईंनी केली होती. तालमीत त्यांची खरी मेहनत झाली ती ‘ळ’वर. मुलांच्या जिभेवर तो सहजी बसेना, आणि ‘चांगला’तला ‘च’ ‘चहा’तल्या ‘च’सारखाच उमटे, महिनाभर त्यांनी एकेक अक्षर घासून घेतले, असे यजमानीणबाई सांगत होत्या. शारदेच्या बापाचे, कांचनभटाचे, काम करणाऱ्या मुलाच्या घरी तर मराठीचा गंधही नाही, तरी त्याचे पद एकाही अक्षराला न अडखळता पार पडले.

‘शारदा’चा पहिला प्रयोग किर्लोस्कर मंडळींनी १३ जानेवारी १८९९ रोजी केला तो पुण्यामुंबईस नव्हे, तर येथून काही तासांच्या वाटेवरील इंदुरास, त्या अर्थी हे नाटक माळव्याचेच अपत्य म्हणावे लागेल. परंतु त्या काळच्या मंडळ्यांत स्त्रीभूमिका पुरुषच करीत. वृद्ध भुजंगनाथाशी विवाह ठरल्याचे कळताच कोवळ्या मुलीच्या मनाचा उडालेला थरकाप एखाद्या गुणी नटाच्या गळ्यातून प्रेक्षकांपर्यंत पोहोचे, आणि त्या गळ्याची थोरवी मी मुळीच कमी लेखत नाही. काल मात्र त्या भूमिकेत, बहुधा शारदेच्याच वयाची, शाळेच्या दप्तरातून पदांचा कागद काढून पाठ केलेली एक मुलगी साध्या हार्मोनियमच्या साथीवर पद गात उभी होती. वरच्या स्वरावर तिचा आवाज किंचित फाटला आणि तिने तो सावरण्याची घाई केली नाही. त्या क्षणी मला नाटक दिसेनासे झाले, केवळ ती मुलगी दिसू लागली. आई, तू हेच पद स्वयंपाकघरात गुणगुणत असस, तेव्हा मी त्यात फक्त चाल ऐकत आलो होतो.

मुलींसाठी विवाहाचे वय चौदा ठरविणारा १९२९ चा कायदा याच शारदेच्या नावाने ओळखला जातो, असे प्रयोगात माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ समजत होते. तो अजमेरच्या हरबिलास सारडांच्या नावाचा आहे, हे मी त्यांना सांगितले. त्यांना थोडे वाईट वाटले. मलाही वाटले.

मंगळवारी इंदुरास जाईन. त्यापूर्वी एक काम सांगतो. त्या मुलीजवळ सहाच पदे आहेत, आणि बाकीची शिकण्याची तिची इच्छा आहे. तुझ्या निळ्या वहीतली पदे चालींच्या उल्लेखासह उतरवून यजमानांच्या पत्त्यावर पाठव. आणि उतरविताना प्रत्येक ‘ळ’ ठळक काढ.

तुझा आज्ञाधारक,
मोठा